मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलाचें दर्शन



गेल्या वर्षीं नाताळच्या सुट्टीपूर्वीं आमच्या शाळेंतील चौदा विद्यार्थी व विद्यार्थिनी यांना घेऊन मी मुंबईस गेलों होतों. रात्रीच्या गाडीनें घाट उतरून आम्ही पहाटे दादरला पोंचलों, आणि तेथून लोकल गाडीनें चर्चगेट स्टेशनास गेलों. स्टेशनाबाहेर येतांच एका मुलानें चोहोंकडे पाहिलें व मला विचारलें, "सर, यांत चर्च कोठें आहे? आणि गेट कोठें आहे?" बाकीचीं मुलें हंसलीं. परंतु प्रश्न हंसण्यासारखा नव्हता. रोज लाखों माणसें त्या स्टेशनांतून जातात-येतात. त्यांतील फारच थोड्यांना तो सुचत असेल. त्या दिवसाचा आमचा सारा अभ्यास ह्या एका प्रश्नापासून सुरू झाला, आणि दुसऱ्या एका प्रश्नापाशीं येऊन थांबला. तो दुसरा प्रश्न कोणता व त्याचें उत्तर काय, हें सांगण्यासाठींच हा लेख लिहीत आहें.

प्रथम पहिल्या प्रश्नाचें उत्तर ऐका. अठराव्या शतकांत मुंबई शहर म्हणजे आज ज्याला फोर्ट म्हणतात तेवढ्या भागांतील, कोटानें वेढलेली वस्ती होती. ह्या कोटाला जमिनीच्या बाजूनें तीन मुख्य दरवाजे होते. उत्तरेस बझार गेट, दक्षिणेस अपोलो गेट आणि पश्चिमेस चर्च गेट. पश्चिमेच्या दरवाजांतून आंत शिरलें कीं रस्ता सरळ इंग्रजांच्या प्रार्थनामंदिराकडे जाई. म्हणून त्या दरवाजास चर्च गेट हें नांव पडलें. पुढें १८६० नंतरच्या दशकांत, सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असतांना, कोटाच्या भिंती पाडण्यांत आल्या. दरवाजा गेला. त्याच्या जागेजवळ १८६४ सालीं फ्लोरा फाउंटन हें कारंजें उभें राहिलें. आज त्या चौकास हुतात्मा चौक म्हणतात, व संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत ज्यांनीं प्राण वेंचले त्यांचें स्मारक तेथें आहे. दगडी दरवाजा नाहींसा झाला, परंतु त्याचें नांव मात्र स्टेशनाला चिकटून राहिलें. दगडापेक्षां शब्द कित्येकदां अधिक टिकाऊ असतो, हा त्या दिवसाचा पहिला धडा होय.

"तर मग गेट नाहीं, पण चर्च आहे ना?" मुलांनीं विचारलें. मी म्हणालों, "आहे. चला, चालतच जाऊं." वीर नरीमन रस्त्यानें हुतात्मा चौक ओलांडून आम्ही पुढें गेलों, तेव्हां हॉर्निमन सर्कलच्या अलीकडे, उंच कचेऱ्यांच्या दाटींत, झाडांच्या आड एक पांढरट इमारत व तिचा घड्याळाचा मनोरा दिसूं लागला. हेंच सेंट थॉमस कॅथीड्रल. मुंबईंतील इंग्रजांनीं बांधलेलें पहिलें चर्च तें हेंच.

आंत जाण्यापूर्वीं दोन शब्दांचे अर्थ समजून घेणें अवश्य आहे. पहिला शब्द कॅथीड्रल. मोठें चर्च म्हणजे कॅथीड्रल, असा पुष्कळांचा समज असतो. पण तो बरोबर नाहीं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आसन असा आहे. ज्या चर्चमध्यें बिशपांचें आसन असतें तें कॅथीड्रल. मग तें आकारानें लहान असो वा मोठें. १८३७ सालीं मुंबईचें स्वतंत्र बिशपक्षेत्र निर्माण झालें व टॉमस कार हे पहिले बिशप झाले, तेव्हां ह्या चर्चला कॅथीड्रलचा मान मिळाला. त्या सुमारासच मनोराही उभा राहिला. त्यापूर्वींचीं सुमारें सव्वाशें वर्षें हें साधें चर्चच होतें.

दुसरा शब्द थॉमस. मराठी शास्त्रांत ज्याला आपण थोमा म्हणतों, तोच हा प्रभूचा शिष्य. तो हिंदुस्थानांत आला, अशी दक्षिणेकडील ख्रिस्ती लोकांची प्राचीन परंपरा आहे. इतर शिष्यांनीं सांगितलेली वार्ता त्यानें ऐकली, पण स्वतः पाहिल्याशिवाय व हातानें चांचपून खात्री केल्याशिवाय तो ती मानावयास तयार नव्हता. ह्यासाठीं पुष्कळ लोक त्याला संशयी म्हणून नांवें ठेवतात. मी मुलांना म्हणालों, "आज तुम्हींही थोमासारखेंच वागा. भिंतीवर जें लिहिलें असेल तें वाचा, पण लगेच मान डोलवूं नका. प्रत्येक दगडाला विचारा: तुला येथें कोणीं बसविलें? तूं काय सांगतोस? आणि काय सांगत नाहींस?"

दाराजवळ एक नक्षीदार दगडी कारंजें आहे. त्याचा आराखडा इंग्लंडांतील विख्यात शिल्पज्ञ सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनीं केला, आणि तें मुंबईचे पारशी दानशूर सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगींतून झालें. ख्रिस्ती मंदिराच्या दाराशीं एका पारशी गृहस्थाच्या दानाचें पाणी, ही गोष्ट मुंबईसारख्या शहरांतच शोभते.

ह्याच जागेची आणखी एक गंमत मुलांना फार आवडली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मुंबईच्या रस्त्यांवर मैलाचे दगड बसविण्यांत आले, तेव्हां अंतर मोजण्याची सुरुवात ह्या चर्चपासून केली. काळ्या दगडांवर रोमन अंक कोरलेले असत. त्यांतील कित्येक दगड रस्ते उंच होत गेल्यामुळें जमिनींत गाडले गेले होते. अलीकडच्या वर्षांत महानगरपालिकेनें त्यांचा शोध घेऊन कांहींची डागडुजी केली आहे. म्हणजे आम्ही उभे होतों ती जागा एके काळीं मुंबईचा शून्य मैल होती. हें ऐकतांच दोन-तीन मुलांनीं तेथेंच पाय जुळवून उभें राहून घेतलें!

आतां मंदिराचा पूर्वेतिहास थोडक्यांत सांगतों. मुंबई बेट १६६१ च्या विवाहकरारानें पोर्तुगीजांकडून इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याजकडे आलें, आणि १६६८ सालीं त्यानें तें वार्षिक दहा पौंड खंडानें ईस्ट इंडिया कंपनीस दिलें. १६६९ पासून गव्हर्नर असलेले जेराल्ड ऑंजियर हे दूरदृष्टीचे पुरुष होते. निरनिराळ्या धर्मांच्या व्यापाऱ्यांनीं व कारागिरांनीं मुंबईस येऊन राहावें म्हणून त्यांनीं खटपट केली. १६७४ सालीं रायगडावर शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक झाला, त्या प्रसंगीं मुंबईकर इंग्रजांतर्फे हेन्री ऑक्झेंडन हे वकील म्हणून हजर होते. त्यांना पाठविणारे गव्हर्नर हेच. त्यानंतर दोन वर्षांनीं, म्हणजे १६७६ सालीं, ऑंजियर यांच्या कारकीर्दींत ह्या चर्चचा पाया घातला गेला. तोंपर्यंत इंग्रजांची उपासना किल्ल्यांतील खोलींत होत असे.

परंतु पाया घालणें निराळें आणि कळस चढविणें निराळें. १६७७ सालीं ऑंजियर वारले. कामासाठीं जमविलेली रक्कम नाहींशी झाली. १६८९-९० सालीं जंजिऱ्याच्या सिद्दीनें मुंबईवर स्वारी केली, रोगराईनें माणसें पटापट मरूं लागलीं. मुंबईंत माणसाचें आयुष्य दोन पावसाळ्यांचें, अशी म्हणच त्या काळीं इंग्रजांत पडली होती. सुमारें पंधरा फूट उंच झालेल्या भिंती चाळीस वर्षें तशाच उघड्या पडल्या. १७१४ सालीं रिचर्ड कॉब नांवाचे एक तरुण धर्मोपदेशक मुंबईस आले. त्या अर्धवट भिंती पाहून त्यांना राहवेना. त्यांनीं प्रवचनांतून लोकांना जागें केलें, वर्गणी गोळा केली, कंपनीकडूनही साहाय्य मिळविलें, आणि अखेर १७१८ सालच्या नाताळच्या दिवशीं, गव्हर्नर चार्ल्स बून यांच्या उपस्थितींत, मंदिर उघडलें. पाया घातल्यापासून बेचाळीस वर्षें झालीं होतीं. पाया घालणाऱ्यांपैकीं किती जणांनीं तो दिवस पाहिला असेल!

कॉब एवढ्यावरच थांबले नाहींत. मंदिरापाठोपाठ त्यांनीं जवळच बारा गरीब मुलांसाठीं एक धर्मार्थ शाळा काढली. तीच शाळा पुढें बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या हातीं आली, आणि नाशिकजवळ देवळालीस असलेली बार्न्स शाळा ही त्याच परंपरेंतील आहे. मंदिराच्या भिंतीला टेकून शाळा, हा क्रम आपल्या मिशन शाळांत शिकणाऱ्यांस परिचयाचाच आहे.

आम्ही आंत शिरलों तेव्हां बाहेरच्या मोटारींचा कलकलाट एकाएकीं दूर गेल्यासारखा वाटला. उंच छत, दोहों बाजूंस खांबांच्या ओळी, वेताच्या विणीचीं आसनें, आणि समोर वेदीकडील भागांत रंगीत कांचांच्या खिडक्या. छत तोफेच्या गोळ्यांनाही दाद न देईल असें मजबूत केलें होतें, असें सांगतात. त्या काळच्या लोकांना प्रार्थना करतांनाही लढाईचा विसर पडत नसे, हें ह्यावरून ध्यानांत येतें. वेदीकडील भाग मूळचा नव्हे. तो १८६० नंतरच्या दशकांत वाढवून बांधलेला आहे. एका खिडकींत संत थॉमस व त्यांच्या दोहों बाजूंस मीखाएल आणि गाब्रीएल हे देवदूत चित्रित केले आहेत. १९११ सालीं बादशहा पंचम जॉर्ज व राणी मेरी ज्या दोन खुर्च्यांवर बसलीं त्याही खुणेसह राखून ठेवल्या आहेत. गेल्या शतकाच्या शेवटीं इमारत बरीच जीर्ण झाली होती. तिचा जीर्णोद्धार इतक्या काळजीनें करण्यांत आला कीं २००४ सालीं युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा-जतन सन्मानांत तिची निवड झाली.

परंतु येथें खरी पाहण्यासारखी वस्तु म्हणजे भिंतीवरचीं स्मारकें. संगमरवरी पुतळे, उठावाचीं चित्रें, पितळी पाट्या. सारी भिंत म्हणजे एक उघडें पुस्तकच. मुलांनीं वह्या काढल्या व नांवें, सालें आणि वयें उतरून घेण्यास सुरुवात केली. थोड्याच वेळांत एक मुलगा माझ्याकडे आला व हळूच म्हणाला, "सर, हीं सारीं माणसें फार लहान वयांतच गेलीं कीं!" खरोखर तसेंच आहे. कॅप्टन जॉर्ज हार्डिंज ह्या आरमारी अधिकाऱ्याचें स्मारक पाहा. १८०८ सालीं फ्रेंचांचें लढाऊ जहाज जिंकतांना ते पडले, तेव्हां त्यांचें वय अवघें सव्वीस होतें. कोठें तापानें गेलेला तरुण शिपाई, कोठें बाळंतपणांत गेलेली आई. ते राज्यकर्ते होते हें खरें. पण समुद्रापार कोणा आईबापांच्या घरीं महिन्यांनीं पोंचलेलें तें दुःखाचें पत्रही खरें. इतिहास वाचतांना हीं दोन्ही सत्यें एकाच वेळीं मनांत धरतां आलीं पाहिजेत.

ह्या स्मारकांत एक विशेष महत्त्वाचें आहे. तें जोनाथन डंकन यांचें. हे १७९५ पासून १८११ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते व येथेंच वारले. त्यापूर्वीं ते काशीस रेसिडेंट असतांना १७९१ सालीं त्यांनीं तेथें संस्कृत पाठशाळा स्थापन केली. त्याच प्रांतांतील कांहीं रजपूत कुळांत नवजात मुलींचा जीव घेण्याची दुष्ट चाल आहे असें त्यांच्या नजरेस आलें, तेव्हां त्या कुळांच्या प्रमुखांकडून ही चाल सोडण्याच्या लेखी कबुलायती त्यांनीं घेतल्या. पुढें ते मुंबईस गव्हर्नर असतांना कर्नल अलेक्झांडर वॉकर यांनीं काठेवाडांतील जाडेजा ठाकुरांकडूनही तसेच करार करून घेतले. ह्या सत्कृत्याची आठवण म्हणून डंकन यांच्या स्मारकावर दोन बालकें कोरलेलीं असून, त्यांच्या हातांतील पटावर काशी व काठेवाड येथील बालहत्या बंद झाली, अशा अर्थाचे इंग्रजी शब्द आहेत.

वर्गांतील मुली त्या दगडापुढें बराच वेळ उभ्या राहिल्या. एका परक्या माणसानें आपल्या देशांतील न जन्मलेल्या लेकींसाठीं एवढी कळकळ बाळगली, ह्याबद्दल कृतज्ञ राहणें योग्यच आहे. पण थोमाची शिकवण आठवा, आणि दगडावरचें वाक्य तपासून पाहा. ती चाल खरोखर बंद झाली होती काय? नाहीं. डंकन यांच्या मृत्यूनंतर एकोणसाठ वर्षांनीं, १८७० सालीं, सरकारला मुलींच्या हत्येस आळा घालण्यासाठीं स्वतंत्र कायदा करावा लागला. आणि तो ज्या प्रांतांस प्रथम लावण्यांत आला त्यांत काशी ज्यांत मोडत असे तो वायव्य प्रांतही होता. म्हणजे दगडावर पूर्णविराम कोरला गेला, परंतु काम अपुरेंच होतें. मुलींच्या जीविताचा प्रश्न आपल्या काळींही सर्वस्वीं सुटलेला नाहीं. म्हणून तर गर्भाचें लिंग तपासण्याविरुद्ध १९९४ सालीं आपल्या देशास कायदा करावा लागला. दगड खोटें बोलतो असें मी म्हणत नाहीं. दगडावर इच्छा कोरलेली असते, आणि आपण ती घडलेली गोष्ट म्हणून वाचतों. हा त्या दिवसाचा दुसरा धडा.

येथेंच तो दुसरा प्रश्न आला. नववीच्या वर्गांतील एका मुलीनें आपली वही माझ्यापुढें धरली. तिनें पंचवीस-तीस नांवें व्यवस्थित उतरून घेतलीं होतीं. ती म्हणाली, "सर, मीं एवढीं नांवें लिहिलीं. ह्यांत आपल्यापैकीं कोणाचेंच नांव कसें नाहीं?"

मला तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं. तिच्या त्या 'आपल्यापैकीं' ह्या शब्दानें मी अडलों. ह्या मंदिरांत ज्या प्रभूची उपासना होते तो आमचा प्रभु आहे. म्हणून श्रद्धेनें मी तेथें घरचाच होतों. पण भिंतीवरच्या भाषेनें, नांवांनीं आणि तलवारींनीं मी तेथें पाहुणाच होतों. तुमचा धर्म परक्यांचा, असें आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांना शाळेच्या अंगणापासून ऐकावें लागतें. तें ऐकून पुष्कळदां आम्ही रागावतों. त्या दिवशीं माझ्याच विद्यार्थिनीनें, कांहीं मनांत न धरतां, तोच प्रश्न आंतून विचारला होता. मी तिला एवढेंच म्हणालों, "तुझा प्रश्न चांगला आहे. उत्तर शोधून सांगेन."

घरीं आल्यावर मीं मुंबईच्या जुन्या इतिहासाचीं पुस्तकें काढलीं. रिचर्ड कॉब यांनीं मंदिर बांधल्याची हकीकत स्वतः लिहून ठेवली होती व ती १७६६ सालीं लंडनांत छापली गेली. १७१८ च्या त्या नाताळच्या दिवशीं मंदिराच्या आंत कोण होतें तें तींत आहेच. पण बाहेर कोण होतें तेंही आहे. रामा कामती नांवाचे एक वजनदार हिंदु गृहस्थ आपल्या जातभाईंसह तेथें आले होते, व दाराबाहेर बराच वेळ उभे राहून त्यांनीं ती उपासना मोठ्या आदरानें पाहिली.

हे रामा कामती कोण? कंपनीच्या चाकरींतील हे एक मातबर अधिकारी. भंडारी शिपायांच्या पलटणीवर त्यांचा अधिकार चाले. वाळकेश्वरच्या देवळाचा जीर्णोद्धार १७१५ सालीं त्यांनींच केला, असें इतिहास सांगतो. म्हणजे कॉब ज्या वेळीं आपल्या चर्चसाठीं वर्गणी गोळा करीत होते, त्याच सुमारास हा हिंदु गृहस्थ आपल्या देवळाचे दगड रचीत होता. आपलें देऊळ बांधणारा हा मनुष्य शेजाऱ्याचें मंदिर पुरें झाल्याचा आनंद पाहावयास आला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

पण पुढची हकीकत ऐका. अवघ्या दोन वर्षांनीं, १७२० सालीं, त्याच बून गव्हर्नराच्या अमलांत रामा कामती यांच्यावर कान्होजी आंग्रे यांच्याशीं फितूर असल्याचा आरोप आला. पुरावा म्हणून पत्र पुढें करण्यांत आलें. एका साक्षीदाराकडून छळ करून जबानी घेण्यांत आली. रामा कामती यांना कैदेची शिक्षा झाली, त्यांची मालमत्ता जप्त झाली, आणि कांहीं वर्षांनीं ते कैदेंतच वारले. तें पत्र बनावट होतें, असा निष्कर्ष पुढें इतिहासकारांनीं काढला आहे. दाराबाहेर आदरानें उभ्या राहिलेल्या त्या माणसाला दाराआंतल्यांकडून न्याय मिळाला नाहीं.

कॉब यांनीं दोन ओळी लिहून ठेवल्या नसत्या तर त्या दिवशीं ते तेथें होते हेंही आपणांस कळतें ना. भिंतीवर त्यांची शिळा आमच्या मुलांस दिसली नाहीं. कागदावर मात्र ते उभे आहेत. सुट्टीनंतर मीं त्या मुलीला वर्गांत उभें करून हें उत्तर सांगितलें. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "म्हणजे आपला माणूस होता, पण बाहेर होता." मला वाटतें, माझ्या साऱ्या पाठाचें सार तिनें एका वाक्यांत सांगितलें.

ह्यावरून कोणी असें समजूं नये कीं तें मंदिर अजूनही परक्यांचेंच आहे. काळ दगडांचे धनी बदलतो. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं आपल्याच नागपुरांत सहा निरनिराळ्या ख्रिस्ती मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालें. त्यांत अँग्लिकन मंडळी होती, तशीच आमच्या घाटावरच्या मराठी मंडळ्या जींत १९२४ पासून सामील होत्या ती संयुक्त मंडळीही होती. ज्या अमेरिकन मिशनऱ्यांना १८१३ सालीं मुंबईंत पाय ठेवल्यावर परत घालविण्याचा हुकूम झाला होता, त्यांनीं चालविलेल्या मराठी मंडळ्यांचीं लेंकरें आणि कोटांतील त्या मंदिराचीं लेंकरें आज एकाच मंडळीचीं सभासद आहेत. तेथील बिशपांचें आसन आतां आपल्या देशांतील मंडळीचें आसन आहे. मंदिरापलीकडच्या बागेचेंच उदाहरण घ्या. तिला पूर्वीं एल्फिन्स्टन सर्कल म्हणत. स्वतंत्र भारतानें तिला बेंजामिन हॉर्निमन यांचें नांव दिलें. हे इंग्रजच होते. पण हिंदी स्वातंत्र्याचा पक्ष घेऊन वर्तमानपत्रांत लिहिल्याबद्दल १९१९ सालीं त्यांच्याच सरकारनें त्यांना हद्दपार केलें. माणूस आपला कीं परका, हें त्याच्या कातडीवरून किंवा धर्मावरून ठरत नाहीं. तो न्यायाच्या कोणत्या बाजूस उभा राहिला ह्यावरून ठरतें.

आतां आईबापांस दोन शब्द. मुंबईस गेलां म्हणजे मुलांना समुद्र दाखवा, राणीचा बाग दाखवा. पण अर्धा तास ह्या मंदिरासाठींही ठेवा. उपासना चालू नसेल अशा वेळीं जावें, पादत्राणांचा आवाज करूं नये, कोणी प्रार्थना करीत बसला असेल तर बाजूनें जावें. मुलांच्या हातीं एक वही द्यावी व त्यांना पांच शिळा निवडून नांव, साल आणि वय उतरून घेण्यास सांगावें. मग घरीं आल्यावर विचारावें: ह्या माणसानें काय केलें? दगडावर त्याविषयीं काय लिहिलें आहे? आणि काय लिहिलेलें नाहीं?

आणखी एक विनंती आहे. आपल्या घरांतील म्हाताऱ्या माणसांपाशीं बसून, आपल्या गांवचें देऊळ, मशीद, चर्च, विहीर वा शाळा कोणीं बांधली, दगड कोणीं वाहिले, चुना कोणीं मळला, हें मुलांकडून लिहवून घ्या. देणगी देणाराचें नांव पाटीवर असतें. डोक्यावर पाटी वाहणारीचें नसतें. शिळा बसविण्याचें सामर्थ्य आपणांत नसेल, पण दोन ओळी लिहून ठेवण्याचें सामर्थ्य शाळेंत जाणाऱ्या प्रत्येक मुलांत आहे. कॉब यांच्या दोन ओळींनीं तीनशें वर्षांनंतर एका मुलीच्या प्रश्नाचें उत्तर दिलें. तुमच्या वहींतील दोन ओळी कोणाच्या प्रश्नाचें उत्तर देतील, हें आज कोण सांगेल?